माणसाला मोजणारे शास्त्र आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हांला सांगितले, दोन शब्द बोला, विषय तुमच्या मनाचा घ्या. आम्ही काही प्रोफेसर नाही. दहावी नापास झालो आणि मिलमध्ये लागलो. सूतगिरणीच्या रिंग फ्रेम खात्यात आयुष्य गेले. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, याच विहाराच्या वाचनालयातल्या बाकावर बसून. तेव्हा कुठे शब्द चुकला तर सांभाळून घ्यावे. पण आजचा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. हा विषय आमच्या घरात मरण घेऊन आला, म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो. ती गोष्ट शेवटी सांगू.

विषय आहे मानवशास्त्र. त्यातही माणसाच्या शरीराचा अभ्यास करणारी जी शाखा आहे ती. पूर्वी तिला शारीरिक मानवशास्त्र म्हणत, आता जैविक मानवशास्त्र म्हणतात. माणूस कुठून आला, त्याचे हाड, दात, रक्त, रंग, उंची हे असे का आहे, एका माणसात आणि दुसऱ्यात फरक किती आणि सारखेपणा किती, हे शोधणारे शास्त्र. आता तुम्ही म्हणाल, आपल्याला याचे काय? बंधूंनो, या शास्त्राने जेवढे आपल्याला मोजले तेवढे दुसऱ्या कोणी मोजले नसेल. ज्याला मोजले त्याने त्या मापाचा हिशेब मागायला नको काय?

पहिली गोष्ट नाकाची. इंग्रजांच्या राज्यात हर्बर्ट रिस्ले नावाचे एक आयसीएस अधिकारी होते. त्यांनी बंगालमध्ये पाहणी सुरू केली आणि 1891 साली जाती-जमातींची पुस्तके काढली. माणसाला उभे करायचे, नाकाची रुंदी मोजायची, नाकाची उंची मोजायची, रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे. जो आकडा आला त्याचे नाव नासिका निर्देशांक. रिस्लेसाहेबांचे म्हणणे असे की नाक जितके बारीक तितकी जात वरची, आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची. 1901 च्या जनगणनेचे आयुक्तही तेच झाले आणि जातींची उच्चनीच क्रमवारी सरकारी कागदावर आली. म्हणजे जे आधी धर्माच्या नावाने सांगत होते, तेच आता शास्त्राच्या नावाने सांगायला लागले. वरचे ते आर्य वंशाचे, खालचे ते दुसऱ्या वंशाचे!

याला उत्तर कोणी दिले? बाबासाहेबांनी दिले. अस्पृश्य मूळचे कोण होते, या विषयावरचा त्यांचा ग्रंथ 1948 साली निघाला. त्यात अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य झाले काय, हा प्रश्न त्यांनी घेतला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात नाकाच्या मापांची छाननी केली होती. बाबासाहेबांनी तीच मापे घेतली, प्रांतवार मांडली आणि विचारले की या मापांवर तुमचा विश्वास असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात, आता काय म्हणता? बघा, कशी पद्धत आहे! शिवी नाही, आरडाओरडा नाही. ज्याच्या गजाने त्याने आपल्याला मोजले, त्याच्याच गजाने त्याचा माल मोजून दाखवला. मिलमध्ये कापडाच्या मापात खोट असली तर कामगार असाच गज हातात घेतो.

आणि हे त्यांना अचानक सुचले नव्हते. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो कोणत्या वर्गात? डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात. आपण बाबासाहेबांना बॅरिस्टर म्हणतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, घटनेचे शिल्पकार म्हणतो. पण त्यांचा जातीवरचा पहिला निबंध मानवशास्त्राच्या वर्गातला आहे, हे आपल्या पोरांना सांगितले पाहिजे. त्या निबंधातले मुख्य सूत्र असे की जात वंशाने झालेली नाही, ती लग्नाने झालेली आहे. आपल्याच गटात लग्न करायचे, बाहेर करायचे नाही, हे कुंपण घातले आणि जात तयार झाली. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

त्याच कोलंबियात फ्रान्झ बोआस नावाचे थोर मानवशास्त्रज्ञ शिकवत. युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या लोकांची आणि त्यांच्या मुलांची, जवळजवळ 18,000 माणसांची, त्यांनी मापे घेतली. तोपर्यंत समज असा की डोक्याचा आकार ही वंशाची कायमची खूण आहे. बोआस यांनी 1911 च्या सुमारास दाखवले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचे माप आईबापांच्या मापापासून सरकते. पुढे 2002-03 मध्ये ते आकडे पुन्हा तपासले गेले आणि फरक मोठा की लहान यावर वाद झाला. वाद होऊ द्या. शास्त्रात आकडा पुन्हा तपासता येतो, पोथीतला तपासता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे. इरावती कर्वे 1927 च्या सुमारास जर्मनीला शिकायला गेल्या. बर्लिनच्या ज्या संस्थेत त्या शिकल्या तिथले प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. इरावतीबाईंना कवट्या मोजायचे काम मिळाले. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी निघेल अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी मापे घेतली आणि प्रामाणिकपणे लिहिले की कवटीच्या त्या ठेवणीचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूच्या तोंडावर खरे सांगायला हिंमत लागते. त्याच देशात पुढे वंशशुद्धीच्या नावाखाली लाखो ज्यू आणि जिप्सी माणसे मारली गेली. म्हणून म्हणतो, माप साधे नसते. माप कोण घेतो आणि कशासाठी घेतो, हे विचारले पाहिजे. युद्ध संपल्यावर, 1950 साली, युनेस्कोने जगातल्या विद्वानांना बसवून वंशाविषयी निवेदन काढले. सगळी माणसे एकाच जातीची, म्हणजे मानवजातीची आहेत, हे त्यात स्पष्ट सांगितले.

आता तथागतांकडे येतो. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडत येतात की माणूस जन्माने श्रेष्ठ की कर्माने. भगवंत त्यांना काय सांगतात? गवत पाहा, झाडे पाहा, किडे, साप, मासे, पाखरे पाहा, त्यांच्यात जन्माने आलेल्या खुणा वेगवेगळ्या आहेत. माणसाचे तसे नाही. केस, कान, डोळे, नाक, ओठ, कशातही जन्मजातीची वेगळी खूण नाही. माणसामाणसांतला भेद हा नावापुरता, व्यवहारापुरता आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी नाकाचे नाव घेऊन हे उत्तर देऊन ठेवले होते! आणि उपदेश कसा केला? श्रद्धा ठेवा म्हटले नाही, पाहा म्हटले.

आता हे शास्त्र आज काय काय करते ते थोडक्यात सांगतो.

एक शाखा जमिनीतली हाडे शोधते. 1974 साली इथिओपियात ल्यूसी नावाने ओळखला जाणारा सांगाडा सापडला, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर चालणाऱ्या जीवाचा. आपल्या नर्मदेकाठी हथनोरा गावाजवळ 1982 साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग सापडला. आपल्यासारखा माणूस आफ्रिकेत सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी घडला आणि तिथून जगभर पसरला. म्हणजे मुखातून कोणी निघाला नाही आणि पायातून कोणी निघाला नाही. सगळे आईच्या पोटातून निघाले आणि त्या सगळ्या आयांची आई आफ्रिकेतली.

दुसरी शाखा माकडांचा आणि वानरांचा अभ्यास करते. जेन गुडॉल बाईंनी 1960 साली टांझानियाच्या गोंबे जंगलात पाहिले की चिंपांझी काडी साफ करून वारुळात घालतो आणि वाळवी काढून खातो. हत्यार बनवणारा माणूस एकटाच, हा आपला गर्व त्या दिवशी उतरला.

तिसरी शाखा जुन्या सांगाड्यांवरून त्या काळचे जगणे वाचते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले. घराच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात बाळ. किती आया रडल्या असतील! सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्यूकाक्स यांनी तिथल्या हाडांचा, दातांचा अभ्यास केला. लहानपणी उपासमार किंवा मोठे आजारपण झाले की दाताच्या वरच्या थरावर रेघ उमटते आणि ती जन्मभर राहते. गरिबीची नोंद कोणत्याही दप्तरात नसली तरी दातावर असते.

याच विद्येचा उपयोग न्यायासाठीही होतो. अर्जेंटिनात 1976 ते 1983 लष्करी राजवट होती. हजारो माणसे उचलून गायब केली. पुढे 1984 साली अमेरिकेचे क्लाइड स्नो तिथे गेले आणि विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बेवारस कबरी उकरल्या. हाडांवरून माणूस ओळखला, गोळी कुठे लागली ते ओळखले आणि कोर्टात साक्ष दिली. ज्या शास्त्राने एकेकाळी कवट्या मोजून माणसाला हलके ठरवले, त्याच शास्त्राने इथे आईला तिच्या लेकराचा पत्ता दिला. शास्त्र हे सुरीसारखे आहे. ती कोणाच्या हातात आहे ते पाहायचे.

चौथी शाखा मुलांच्या वाढीची. आपल्याकडे म्हणतात, आमचा समाजच बुटका, आमची पोरे जन्मताच किरकोळ. हे खोटे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे 8,500 मुलांची वाढ मोजली. आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि औषधपाणी मिळाले तर पाच वर्षांपर्यंत दिल्लीचे मूल आणि नॉर्वेचे मूल जवळजवळ सारखेच वाढते, असे दिसले. मग आपली मुले खुरटतात का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी निघाली, महाराष्ट्रात 35.2 टक्के. हा वंश नाही बंधूंनो, ही भाकरी आहे, पाणी आहे, आईला मिळालेली विश्रांती आहे. दक्षिण कोरियातल्या बायकांची उंची शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. शंभर वर्षांत वंश बदलला काय? ताट बदलले!

पाचवी गोष्ट रंगाची. माता-भगिनींनी हे नीट ऐकावे, आणि मुलगी पाहायला जाणाऱ्या पुरुषांनी जास्त नीट ऐकावे. जिथे ऊन कडक तिथे काळी कातडी शरीराचे रक्षण करते. रक्तातले फोलेट नावाचे सत्त्व उन्हाने नष्ट होऊ देत नाही, आणि गर्भ नीट वाढायला ते लागतेच. जिथे ऊन कमी तिथे गोरी कातडी ड जीवनसत्त्व तयार करायला सोयीची. नीना जब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅपलिन यांनी 2000 साली हे नकाशासह मांडले. म्हणजे रंग ही उन्हाची छत्री आहे. छत्री काळी म्हणून कोणी घर मोडतो काय? तरी आपल्या बायोडाट्यात "मुलगी गोरी पाहिजे" असते. पंचशील घेतो आणि रंग पाहतो!

सहावी शाखा रक्ताची आणि जनुकांची. 1901 साली लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात हिर्झफेल्ड पती-पत्नींनी ग्रीसमधल्या सालोनिका इथे अनेक देशांच्या, भारताच्याही, सुमारे 8,000 सैनिकांचे रक्त तपासले. सगळे गट सगळीकडे निघाले, फक्त प्रमाण कमीजास्त. 1972 साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला की माणसामाणसांतला सुमारे 85 टक्के फरक हा एकाच समाजाच्या आतला आहे. ज्यांना वंश म्हणतात त्यांच्यातला फरक सहा टक्क्यांच्या आसपास.

भारतातल्या लोकांचा अभ्यास सांगतो की सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी इथे सगळ्यांची सरमिसळ झाली. कोणी शुद्ध राहिला नाही. ब्राह्मण नाही, आपण नाही, आदिवासीही नाहीत. मिलवाल्यांना हे लगेच समजेल. ब्लोरूममध्ये दहा गावच्या कापसाच्या गाठी फोडतात, मिक्सिंग करतात. त्याचा पेळू निघाला, सूत निघाले, बॉबीन भरली. आता कोणी सांगावे यातला कोणता धागा हिंगणघाटचा आणि कोणता यवतमाळचा! तसे आपले झाले आहे. पण पुढे हे मिसळणे थांबले. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली लिहिले की वरच्या जातींत बाहेरची लग्ने सुमारे 70 पिढ्यांपूर्वी, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी, बंद झाली. आता आठवा 1916. जात लग्नाच्या कुंपणाने झाली, असे बाबासाहेब म्हणाले होते. बरोबर शंभर वर्षांनी रक्ताच्या थेंबात ते कुंपण सापडले.

आता घरची गोष्ट.

आमच्या बहिणीचा मुलगा. लहानपणापासून अंग दुखायचे, हातपाय सुजायचे, डोळे पिवळे. पाऊस लागला की रात्ररात्र ओरडायचा. कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले मागच्या जन्मीचे. ताईची सासू म्हणायची, "आपल्या नशिबातच हाये बाबू." एका दवाखान्यात सांगितले की पोरगा नाटक करतो. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. 2004 साल होते. त्याला सिकलसेल होता, हे नाव आम्हांला शेवटच्या महिन्यात कळले.

या आजारात रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नळ्यांत अडकते. म्हणून त्या कळा. 1949 साली लायनस पॉलिंग यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत शोधले की ज्याला हा गुण एकाच पालकाकडून मिळतो त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया फार, तिथे हा गुण टिकला. भारतात तो 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम सापडला. आपल्या विदर्भात गोंड, परधान आहेत, आपण आहोत, कुणबी-तेली समाजातही आहे. यात पाप नाही, पूर्वजन्म नाही. डासाशी लढताना पूर्वजांनी दिलेली ढाल आहे, पण दोन ढाली एकत्र आल्या की लेकराला जखम होते.

हिशेब सोपा आहे. एका पालकाकडून गुण आला तर तो वाहक, कागदावर "एएस" लिहितात. वाहक हा आजारी नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल "एसएस", म्हणजे रुग्ण होईल. एकच वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही. लहानशा गटातच पिढ्यानपिढ्या लग्ने केली की दोन वाहक समोरासमोर येण्याचा धोका वाढतो. आणि आपण काय करतो? बौद्ध झालो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी सोयरीक करताना हळूच विचारतो, बावणे की लाडवण? हे कुंपण आपण अजून राखतो आहोत!

आता आमची चूक सांगतो. भाचा गेल्यावर काही वर्षांनी वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर झाले. खुर्च्या आम्हीच मांडल्या, लोकांना आम्हीच बोलावून आणले. पण आमच्या घरातल्या कोणाचे रक्त दिले नाही. का? मुलगी लग्नाची होत होती. कागदावर काही निघाले तर सोयरीक मोडेल, ही भीती. मंचावर आम्ही विज्ञान सांगत होतो आणि घरात कागद लपवत होतो. कागद नव्हताच, तो होऊच दिला नाही!

पुढे मुलीने आम्हांला न विचारता तपासणी केली. ती वाहक निघाली. पाहुणे घरी आले तेव्हा चहा देऊन ती तिथेच बसली आणि तिने स्वतः सांगितले. आम्ही खाली मान घातली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "बाबा, भाऊ गेला तेव्हा कोणी खरे सांगितले नाही म्हणून तुम्ही रडले. मग मी कशाला लपवू?" आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलाने आपली तपासणी केली, तो वाहक नव्हता. लग्न झाले. आता नातू आहे, पायाशी खेळतो.

पण सगळ्यांचे असे होत नाही. आपल्याच माणसांनी वाहक मुलींना "सिकलवाली" म्हणून नाकारले आहे. मुलगा वाहक असला तर कोणी विचारत नाही, मुलगी असली की दोष. बंधूंनो, ही नवी अस्पृश्यता आहे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांनीच कोणाच्या रक्ताचा विटाळ मानायचा काय?

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. विहारात पत्रिका जुळवत नाही हे चांगले, पण मंगल परिणयाच्या आधी दोघांचीही रक्ततपासणी व्हावी. आधी मुलाची, मग मुलीची. सरकारने 2023 साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे, त्याचा फायदा घ्या. दोघे वाहक निघाले तर त्यांना दटावू नका. डॉक्टरांकडे न्या, माहिती द्या, निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. दुसरे, ज्या घरी रुग्ण आहे त्यांनी अंगारा-धुपारा सोडून नियमित औषध घ्यावे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळा कमी होतात. आमच्या भाच्याला ते मिळाले नाही, तुमच्या लेकराला मिळू द्या. तिसरे, कोणी संशोधक रक्त मागायला आला तर जरूर द्या, पण विचारून द्या की कशासाठी, आणि निकाल आम्हांला सांगाल काय? आता आपण केवळ मोजले जाणारे नाही. आपल्या मुलींनी, मुलांनी हा विषय कॉलेजात घ्यावा आणि मोजणारे व्हावे. आणि चौथे, बावणे-लाडवण, गोरी-काळी हे शब्द सोयरिकीतून काढून टाकावे. दीड हजार वर्षांचे कुंपण एका दिवसात मोडत नाही, पण एकेक काटी उपसता येते.

वेळ फार घेतला. पाळीचा भोंगा नाही म्हणून माणूस बोलतच राहतो. आम्ही आयुष्यभर सूत पाहिले. सुताचा नंबर वजनाने आणि लांबीने ठरतो, रंगाने ठरत नाही, आणि ते कोणाच्या शेतातल्या कापसाचे आहे यानेही ठरत नाही. माणसाचा नंबर मात्र कोणत्याही मापाने काढता येत नाही, एवढे या शास्त्राने आम्हांला शिकवले.

शिबिर पुढच्या रविवारी याच विहारात आहे. यावेळी पहिले नाव आमचे लिहिले आहे. दुसरे कोणाचे लिहायचे ते खाली बसल्यावर सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!